खिशातला कान

आई म्हणायची, "या पोट्ट्याच्या पायाले भिंगरी हाय आन हाताले खाज." दोन्ही खरं होतं, अजूनही आहे. मी चहा उभ्यानं पितो. बसलोच तर गुडघा हलत राहतो. आणि एखादी वस्तू धड चालत असेल तर मला राहवत नाही. ती आणखी धड का चालत नाही, हे बघायला मी ती उघडतो. मिक्सर उघडला, कूलरचा पंप उघडला, बहिणीची स्कूटी उघडली. जोडताना एखादा स्क्रू उरतो, पण तेवढं चालतं.

मोबाइल हाती आले तेव्हा तर माझ्या रोगाला औषधच मिळालं, किंवा रोगच वाढला म्हणा. नागपूरच्या इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात मी कॉम्प्युटरवर बसतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझं डोकं फोनच्या पोटात. फोनच्या आत एक मुकादम असतो, त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसरनं किती पळायचं, कधी दम खायचा, माइकमधून आलेला आवाज कधी पुढं ढकलायचा, हे सगळं तो ठरवतो. कंपनीनं दिलेला मुकादम सावध असतो, सगळ्यांना सांभाळून घेणारा. माझ्यासारख्यांना तो आवडत नाही. आम्ही त्याला काढतो आणि जगाच्या पाठीवर कुठल्यातरी पोरानं घरी बसून बनवलेला दुसरा मुकादम आणून बसवतो. फोन पळायला लागतो. कधी कधी फोन मरतोसुद्धा. आमच्या ग्रुपवर पहिला नियम एकच, आधी बॅकअप घे. आणि दुसरा नियम, जो कोणी लिहीत नाही पण सगळे मोडतात, तो म्हणजे चालू झालं की हात काढून घे.

आता बाबांचं सांगतो. बाबा कामठीला पॉवरलूमवर होते, तीस वर्षं. त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी डबल पाळी धरली. बहीण नर्स झाली, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात लागली, आणि बाबांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग आम्ही. आई होती तोवर तीच त्यांचे कान होती. कोणी काही विचारलं की ती त्यांच्याकडं वळून तेच पुन्हा बोलायची, आणि बाबांना तिचे ओठ वाचता यायचे. ती गेल्यावर बाबांनी तीन उत्तरं पाठ केली. "हो, हो." "बिलकुल." "काहीच हरकत नाही." या तिन्हींवर त्यांचं वर्षभर निभावलं.

बहीण म्हणून म्हणून थकली, बाबा, आमच्या हॉस्पिटलच्या बाजूलेच कानाचे डॉक्टर हायेत, मशीन लावून घेऊ. बाबा भडकायचे. "बहिऱ्याचं मशीन? लोकाईले दाखवत फिरू का, मी बहिरा आहो म्हणून?"

तोड मी काढली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. माझा जुना फोन पडून होता. त्यात एक ॲप टाकलं. फोनचा माइक समोरच्याचं बोलणं पकडतो, मोठं करतो आणि वायरच्या इयरफोनमधून कानात सोडतो. फोन सदऱ्याच्या खिशात, माइक वर, कानात वायर. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा गाणी ऐकून राहिला. बाबांना ही आयडिया फारच आवडली. विहारात रविवारी वंदनेला तसेच जाऊन बसले. एकानं हटकलं, "काय गा, इथं तरी गाणे बंद कर!" बाबा घरी येऊन सांगत सुटले. बहिरा समजण्यापेक्षा चावट समजलेला त्यांना परवडत होता.

भानगड एकच होती. फोन जुना, खटारा. आवाज मागून यायचा. "तुयं तोंड बंद होते मंग आवाज येते," बाबा म्हणायचे. दोन माणसं एकदम बोलली की सगळा चिखल. बाबा वैतागून वायर उपटायचे.

आणि तेवढ्यात बहिणीचं स्थळ आलं. वर्ध्याचे लोक, रविवारी पाहायला येणार. पोरगा चांगला होता, बहिणीनं फोटो दोनदा पाहिला म्हणजे आवडला होता. बुधवारी ती ड्युटीवरून आली, चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, रविवारी बाबांले ऐकू आलं पाहिजे."

"येईल ना."

"तसं नाही. ते लोक नोकरीचं विचारतील. मले बोलू देतील का नाही, मालूम नाही. बाबाच बोलतील. आन बाबांनी 'हो, हो' केलं तर माझी वाट लागेल. एकदा बापानं शब्द दिला का मंग मी फिरवला तर नाक त्यांचंच कापलं जाते."

तिचे डोळे भरले होते. ती सहसा रडत नाही. आयसीयूमध्ये काम करते. मी म्हणालो, "माझ्यावर सोड." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललो आहे.

गुरुवारी दुकानातून लवकर निघालो. त्या फोनसाठी एक कर्नल होता, बनवणाऱ्यानं खास लिहिलं होतं की आवाजाचा उशीर कमी केला आहे. बॅकअप घेतला, कर्नल चढवला, फोन चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथंच अडकलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझा घाम कपाळावरून नाकावर. बाबा समोर बसून माझ्याकडं बघत होते, मी फोनकडं. बॅकअप परत टाकला, फोन जिवंत झाला. त्याच कर्नलची आधीची आवृत्ती शोधली, ती चढवली. चालली! मी फोन हातात धरून, वायर बाबांच्या कानात घालून म्हणालो, "बाबा, येऊन राहिलं का?"

बाबांचे डोळे मोठे झाले. "अबे! तोंडासोबतच येऊन राहिलं!"

बहिणीनं स्वयंपाकघरातून हळूच म्हटलं, "बाबा, भाकर टाकू का दोन?" आणि बाबा म्हणाले, "तीन टाक वं." ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि हसत बसली. आम्ही तिघं त्या दिवशी किती बोललो! बाबांनी कामठीच्या शेडमधल्या भांडणाचा एक किस्सा सांगितला, जो आम्ही कधीच ऐकला नव्हता.

झोपायला जाताना बहिणीनं बोट रोखलं. "आता हात लावू नको. भैताडपणा करू नको. रविवारपर्यंत हात नाही लावायचा."

"नाही लावत."

शुक्रवारी लावला.

कारण सांगतो. बॅटरी झपाट्यानं उतरत होती. पाहुण्यांचा कार्यक्रम तीन तास चालला आणि मधेच फोन मेला तर? असा विचार एकदा डोक्यात शिरला की मला दुकानात बसवेना. घरी आलो आणि कर्नलमध्ये एक सेटिंग बदललं: स्क्रीन विझली की आतल्या सगळ्यांनी झोपायचं. बॅटरी दिवसभर टिकली. मी खूश. शनिवारी दुकानाला सुट्टी टाकली आणि दर तासाला जाऊन विचारायचो. फोन बाबांच्या खिशातून काढायचो, बॅटरी बघायचो, आणि विचारायचो, "कसं येऊन राहिलं, बाबा?" "मस्त," बाबा म्हणायचे. "एकदम मस्त." मी फोन परत खिशात टाकून पुढच्या कामाला पळायचो.

रविवारी अकराला पाहुणे आले. पोरगा, त्याचे आईवडील, आणि एक मामा. एप्रिलचा महिना होता. नागपुरात एप्रिलमध्ये दिवसा कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याची लाइट गेलेली असते. पण कूलरच्या घरघरीत माइकचा घोटाळा होतो, म्हणून मी कूलर बंद केला होता. "पंप खराब झाला," असं सांगितलं. पाहुणे रुमालानं वारा घेत बसले. बाबा नव्या सदऱ्यात, खिशात फोन, कानात वायर. मामानं ती वायर पाहिली.

पोहे झाले, शिक्षण झालं, कोण कुठले ते झालं. बाबा मान हलवत होते. मी दारात उभा होतो. मग मामा पुढं सरकला.

"एकच स्पष्ट बोलून घेऊ. आमच्याकडं नाइट ड्युटी चालत नाही. लग्नानंतर पोरीनं नोकरी सोडायची. तुमची काही हरकत?"

बाबा हसले. "हो, हो. बिलकुल. काहीच हरकत नाही."

बहीण चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. कप वाजले. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर मी मेलो तरी विसरणार नाही. मामा पोराच्या बापाकडं बघून म्हणाला, "चला, म्हणजे मोठा प्रश्न मिटला."

समोरचे चेहरे बदलले हे बाबांना कळलं. तीस वर्षं चेहरे वाचून काम केलेला माणूस तो. त्यांनी गडबडीत खिशातून फोन काढला, काय झालं म्हणून बटण दाबलं. स्क्रीन लागली. त्याच वेळी बहिणीनं ट्रे खाली ठेवला आणि ती मामाला म्हणाली,

"काका, माझ्या बाबांले ऐकू येत नाही. ते गाणे नाही ऐकत, तो फोन त्यांचा कान हाय आन तो बंद हाय. तुम्ही काय विचारलं, त्यांच्यापर्यंत गेलंच नाही."

पण हे मात्र त्यांच्यापर्यंत गेलं. अक्षर न् अक्षर गेलं. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, आता उठून आत जातील, आणि महिनाभर बोलणार नाहीत.

बाबांनी कानातल्या वायरी काढल्या, एकेक करून, आणि पोह्याच्या बशीजवळ ठेवल्या. मग ते मामाच्या खुर्चीजवळ गेले, हात कानामागं धरला आणि म्हणाले, "खरं हाय. मी बहिरा आहो. काय विचारलं ते पुन्हा सांगा. जोरात."

मामा अवघडला. मग ओरडून सांगितलं, नोकरी सोडायची. पलीकडच्या घरातही गेलं असेल.

"नाही," बाबा म्हणाले. "नाही सोडायची. तिच्या नोकरीपायी माझे दोन कान गेले. ते का असेच फेकू?"

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. अजून कळवून राहिले. बहिणीनं त्यांचा चहा पुन्हा गरम करून स्वतः प्यायला आणि कूलर लावला.

संध्याकाळी मी बाबांजवळ जाऊन बसलो. लाज वाटत होती, म्हणून बसलो. फोन हातात घेतला, स्क्रीन लावली, वायर त्यांच्या कानात दिली.

"बाबा, कधीपासून बंद पडून राहिला होता हा?"

"परवापासून."

"मग सांगितलं काहून नाही? मी दर तासाले विचारत होतो!"

"तू विचारे तेव्हा तर येतच होतं ना बे." बाबांनाच नवल वाटलं. "तू उठून गेला का बंद पडे. मले वाटलं, याचं असंच राहत असंन. मागाचं बी तसंच राहते. मिस्त्री बाजूले उभा असला का धागा तुटत नाही, गेला का तुटते. मी म्हटलं, पोट्टा जवळ बसला का चालते हे. आता तुले किती वेळ बसवून ठेवू?"

दोन दिवस मी दर तासाला त्यांच्याजवळ जात होतो, आणि विचारताना दर वेळी बॅटरीचा आकडा पाहत होतो. त्यांचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. विझलेल्या स्क्रीनचा फोन खिशात टाकून, दोन पावलं मागं जाऊन, एक शब्द बोलून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्यासारखे फोन उघडणारे लोक फोन तपासतात तो हातात धरून, स्क्रीन लावून. बाबांसारखी माणसं तो खिशात ठेवतात.

स्क्रीन विझली की झोपवणारं ते सेटिंग काढलं. दोन मिनिटांचं काम होतं. स्क्रीन विझवली, फोन त्यांच्या खिशात सरळ ठेवला, माइक वर. मग उठून स्वयंपाकघरात गेलो. बहीण ओट्याशी पाठ करून उभी होती. मी आवाज न चढवता विचारलं, "बाबा, चहा मांडू का?"

काहीच आलं नाही. बहिणीनं मान वळवली. कूलर घरघरत होता. मी पुन्हा विचारणार, एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मांड ना बे. आन तुया कप बी इकडंच आन. बसून पी."