जुळवलेलं ऊन

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. एकदा जेवताना मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऑफिसचं गाऱ्हाणं सांगत बसले. चाकणच्या कंपनीत माझं काम असं, की गाडी उन्हात उभी राहिली तर आत किती तापेल, याचं कॉम्प्युटरवर गणित मांडायचं. त्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो. "मॉडेलचं उत्तर मोजलेल्या तापमानाशी जुळेचना," मी म्हणाले. "शेवटी काचेतून किती ऊन आत येतं, तो आकडा फिरवला आणि जुळवलं."

बस्स. त्या दिवसापासून आमच्या चिखलीच्या पारावर आबांचं एकच पालुपद. "जग तापतंय म्हनं. मानसानं तापवलंय म्हनं. समदं जुळवत्यात ह्ये! आमची पोरगीच करती की कंपनीत." मोबाइलवर उष्णतेचा इशारा आला की मलाच दाखवून विचारायचे, "ह्यो कुनी जुळवला गं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात ते अगदी खोटंही नव्हतं. आम्ही जुळवतो. पण मोजलेल्याशी जुळवणं वेगळं आणि माणूस बघून जुळवणं वेगळं, हे मी त्यांना कितीदा समजावलं. सगळं ऐकून घ्यायचे आणि चप्पल घालून शेडकडे निघायचे.

खरं भांडण त्या शेडचंच होतं. पूर्वी तिथे आमचे आंबे होते. आता पत्र्याची शेड आहे, एका वेल्डिंगवाल्याला भाड्याने दिलेली. हृदयात स्टेंट टाकल्यावर डॉक्टरांनी आबांना दुपारी उकाड्यात बसणं वर्ज्य सांगितलं होतं. तरी जेवण झालं की हे त्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसणार. "फ्लॅटात कोंडल्यावानी व्हतंय," म्हणायचे. आणि मी ऑफिसच्या एसीत कोंडलेली. दुपारी फोन वाजला की आबांना काही झालं असेल, असंच वाटायचं. रागही यायचा, त्यांचा आणि माझ्या जिभेचाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनीच पैज लावली. "तुजं मॉडेल येवढं खरं हाय, तर शेडमदी आज दुपारी किती तापंल ते सांग. जुळवायचं न्हाई हां. मग मोजून बगू."

"आणि बरोबर निघालं, तर तिथे बसणं बंद?"

"व्हय, बंद."

मी हरखलेच. सकाळभर लॅपटॉप घेऊन बसले. पत्र्याची जाडी, उंची, दार कुठल्या बाजूला, वेल्डिंगची धग, सगळं घातलं. उत्तर आलं त्रेचाळीस. दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो आणि खुर्चीशेजारच्या खांबाला तापमापक टांगला. पारा चढत चढत सत्तेचाळीसवर थांबला.

"चुकलं!" आबांनी टाळी वाजवली. वेल्डिंगवाल्यालाही हाक मारून सांगितलं. "इंजिनेरीनबाईंचं मॉडेल चुकलं बगा!"

"आबा, चुकलं म्हणजे कमी सांगितलं. इथे त्याहून जास्त तापतंय. घरी चला ना."

"चुकलं ते चुकलं. पैज म्या जिकली." सदरा घामाने अंगाला चिकटला होता, धाप लागली होती, आणि ते हसत होते. त्रेचाळीसच असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

मग त्यांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं आणि हसू मावळलं. "हितलं आंबं म्याच तोडलं," ते हळू म्हणाले. "पत्रा बी म्याच टाकला. मानसानं केलं, मानसानं केलं म्हनतीस. मग सरळ म्हन की, बापानं केलं."

एका शेडची धग आणि जगाचा ताप हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे मला त्यांना सांगता आलं असतं. दोन्हींत माणसाचा हात आहे, हेही मला माहीत होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"नाही हो आबा," मी म्हणाले. "ऊन काय, पूर्वीपासूनचंच आहे."

इतकी वर्षं आकडे जुळवले, पण माणूस बघून जुळवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आबांचा चेहरा सैल झाला. समाधानाने मान हलवून ते पुन्हा खुर्चीत बसले. मी आतून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी टाकली.