हळकुंड राहिलं!

पोटावर हात कसा ठेवायचा, हे शिकायला मी जबलपुरात मदन महल स्टेशनजवळ क्लास लावला होता. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अन् आम्ही काय पाय ठेवत होतो का पोटावर?" असं म्हणाल्या.

क्लास काही मी हौसेने लावला नव्हता. आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं. आता पाचवा लागला होता, सोनोग्राफी ठणठणीत होती, डॉक्टरीणबाई खूश होत्या, आणि मी मात्र पोटाला हात लावत नव्हते. आंघोळीत साबणसुद्धा तिथे उरकल्यासारखा फिरवायचे. मागच्या वेळी पहिल्या दिवसापासून पोट कुरवाळत, गप्पा मारत घरभर फिरले होते. तसा जीव पुन्हा लावायची भीती वाटत होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फक्त म्हणाले, झोप येत नाही. त्यांनी क्लास सुचवला. तिथे श्वास, ध्यान आणि स्पर्श शिकवतात म्हणे.

क्लासच्या दीदी म्हणाल्या, घरातलं कुणीतरी सोबत आणा. माझा नवरा रिछाईच्या कारखान्यात शिफ्ट करतो. तो रात्रपाळी करून तसाच आला आणि गादीवर बसला. दीदी म्हणाल्या, "शरीर को ढीला छोड़िए." त्याने ते इतकं मनापासून सोडलं की लगेच घोरायला लागला. बाकीच्या बायका डोळे मिटून हसत होत्या आणि हसताना त्यांची पोटं हलत होती. दीदी भल्या, त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं, शिशु पिता की आवाज़ पहचान लेगा." मला वाटलं, याला गादीसकट खिडकीतून खाली टाकावं.

पुढच्या शनिवारी सासूबाई स्वतःच तयार होऊन बसल्या. हे घराणं मूळचं विदर्भातलं, पण तीन पिढ्या जबलपुरात. त्या वाक्य मराठीत सुरू करतात आणि ते कुठे हिंदीत वळेल, हे त्यांनाही ठाऊक नसतं. मी साताऱ्याची. लग्नानंतर बरेच दिवस मी नुसती मान हलवत होते.

"अब दोनों हाथ पेट पर रखिए," दीदी हळू आवाजात सांगत होत्या, "और शिशु से कहिए, मैं यहाँ हूँ." तेवढ्यात स्टेशनवरून भोंग्याचा आवाज आला, यात्रीगण कृपया ध्यान दें. सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "हो, हो, देऊन राहिलो."

माझी युक्ती ठरलेली होती. ओढणीची जाड घडी मांडीवर घ्यायची आणि हात त्या घडीवर ठेवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हात पोटावरच आहेत. दीदी फसल्या. सासूबाई मात्र एकाच डोळ्याने ध्यान करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. परत येताना ऑटोत त्या गप्प होत्या. एरवी ऑटोवाल्या भैयाच्या सासुरवाडीपर्यंत चौकशी करणारी बाई. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाल्या, "उद्या तुझी चोरओटी."

गर्भारपणातली पहिली ओटी गुपचूप भरतात, नजर लागू नये म्हणून.

"आई, दूधवाल्या भैयालासुद्धा माहीत आहे. आता चोरी कुणापासून?"

"ते राहू दे. अन् साडी नेसजो. त्या ड्रेसात कुठं भरू ओटी, खिशात?"

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून पाटावर बसले. हळदीकुंकू झालं, पदर पसरला. "आता डोळे मिट," त्या म्हणाल्या. "तुमच्या दीदी मिटायला लावतात ना, तसे." मी मिटले. ओंजळीमागून ओंजळ गहू पदरात पडत होते. मग नारळ आला. मग अजून गहू, मग दुसरा नारळ.

"आई, ओटी थोडीशी असते ना?"

"आमच्याकडं ओटी भरतात, बेटा. नमुना नाही दाखवत."

पदर फाटायच्या बेताला आल्यावर त्यांनी मला उभं केलं. "दोन्ही हातांनं खालून धर. पोटाशी घट्ट. सांडली तर बरं नसते." आणि मग एकदम, "अगं बाई, हळकुंड राहिलं!" म्हणत स्वयंपाकघरात गेल्या.

मी उभी. आतून डबे उघडल्याचे आवाज आले, मग तेही थांबले. मग चहात ठेचलेल्या आल्याचा वास आला. माझ्या नाकाला खाज सुटली होती आणि हात मोकळे नव्हते.

"आई!"

"सापडून नाही राहिलं! हलू नको!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती की सगळे गहू तिथेच ओतून, रविवार असूनही, बँकेत कामाला निघून जावंसं वाटत होतं. ओझ्यामुळे हातांची पाठ पोटात रुतली होती. आणि त्या हातावर आतून कुणीतरी टिचकी मारली.

आठवडाभर असं काहीतरी होत होतं. मी त्याला गॅस म्हणत होते. पण गॅस काही हातावर टिचकी मारत नाही. पुन्हा एकदा झालं, आधीपेक्षा जोरात, जसं काही बाहेर कोण आहे असं विचारत होतं. मी म्हणाले, "मी आहे. इथेच आहे रे." आणि रडायलाच लागले. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, सगळं पाणी गव्हात पडलं.

सासूबाई दोन कप चहा घेऊन आल्या. "काहून रडून राहिली?"

"हललं, आई."

त्यांनी कप खाली ठेवले आणि ओटीच्या खाली, माझ्या हातांवर आपले हात धरले. चहावर साय धरली.

"हळकुंड मिळालं?" मी विचारलं.

"नाही ना. जाऊ दे, झाली ओटी."

दुपारी मी पदरातले गहू डब्यात ओतले. नारळ काढले, खारीक-सुपारी वेचली. सगळ्यात शेवटी, अगदी तळातून, हळकुंड निघालं. गव्हाच्या पहिल्या ओंजळीच्याही आधी ते पदरात पडलं होतं.

"आई, हळकुंड सापडलं!" मी ओरडले.

"अच्छा?" आतून आवाज आला. "चलो, बरं झालं."