बाबांच्या गाडीचा क्लच

जन्मभर नारळाच्या झाडांवर चढलेले बाबा घराच्या पायरीवरून पडले आणि डावं मनगट मोडून बसले. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटांची पकड काही परतली नाही. चहाचा कप धरता यायचा, मोटरसायकलचा क्लच मात्र दाबला जायचा नाही. आणि बाबांचं सगळं त्या गाडीवर चालायचं. वाडीतली केळी, सोनचाफ्याची फुलं, सगळं गाडीवर लादून ते बाजारात न्यायचे.

बरेच दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. क्लच न दाबताच गिअर टाकायचे. खट्ट आवाज यायचा आणि मागे बसलेली आई दचकायची.

"अहो, ही गाडी लाथ मारते का?" तिने एकदा विचारलं.

"जुनी झालीय," बाबा म्हणाले.

मग एका रविवारी मी त्यांना अंगणात दोन्ही हातांनी क्लचची दांडी ओढताना पाहिलं. मी तेव्हा नालासोपाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरातला मिक्सर नाहीतर शिलाई मशीन उघडून बसायचे. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि म्हटलं, "बाबा, आपण क्लच हलका करू या."

पहिल्यांदा केबल काढली. आत गंज, तारेचे पदर तुटलेले. नवी टाकली, तेल सोडलं. फरक पडला, पण बाजारात पोचेपर्यंत बोटं दुखायचीच. मग बाबांनीच कुठूनतरी मऊ स्प्रिंगा आणल्या. "दुकानदार म्हणाला, लोण्यासारखा होतो क्लच." आईची जुनी परात खाली ठेवून आम्ही इंजिनातलं ऑइल काढलं, उजवीकडचं झाकण उघडलं आणि स्प्रिंगा बदलल्या. दांडी खरोखरच एका बोटाने दबू लागली. बाबांनी अंगणातच दोन फेऱ्या मारल्या.

पुढच्याच आठवड्यात आई-बाबा फुलपाड्याला आत्याकडे निघाली. सोबत केळ्यांचा घड. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी मात्र मंदावत गेली. जळका वास सुटला. परत आल्यावर आईने चपला काढायच्या आधीच सांगितलं, "तुमच्या त्या हलक्या क्लचपायी मी अख्खा पूल चालत चढले. केळ्यांसकट."

मी आधी केबल तपासली. ती फार ताणलेली असली तर क्लचच्या आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत. पण दांडीला हवी तेवढी ढील होती. ऑइलही नवं आणि या गाडीला लागतं तेच होतं. शेवटी झाकण पुन्हा उघडलं, तर प्लेटा काळ्या पडलेल्या. मऊ स्प्रिंगांना ओझ्याच्या वेळी त्या दाबून धरता येत नव्हत्या.

बाबा स्टुलावर बसून जळकी प्लेट हातात फिरवत राहिले. "मग राहू दे. रिक्षाने जाईन," ते म्हणाले. त्या रात्री मी पुन्हा मोबाईल घेऊन बसले.

उपाय मिळाला तो अगदी साधा होता. नव्या प्लेटा घालायच्या, स्प्रिंगा मूळच्याच पुन्हा बसवायच्या, आणि इंजिनाजवळ केबल जिला अडकते ती छोटी पट्टी लांब करायची. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं, कडेला हलकं, तसंच हे. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने बोटाच्या पेराएवढा तुकडा जोडून दिला. क्लच हलका झाला, पण आता पूर्ण सुटेना. दांडी दाबून धरली तरी गाडी पुढे सरकायची आणि न्यूट्रल काही लागायचं नाही.

मग कित्येक सकाळी आम्ही केबलचा नट फिरवण्यात घालवल्या. बाबा सीटवर, मी खाली मातीत.

"अजून थोडा."

"आता?"

"जास्त झालं. मागे घे."

माझ्या हातांना ऑइलचा वास, त्यांच्या हातांना चाफ्याचा. आम्ही एरवी फार बोलणारी माणसं नव्हतो. बाबांशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त बोलले ते बहुधा त्या सकाळींमध्येच.

ज्या दिवशी तो नट नेमका बसला, त्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि तिने सहज दांडी दाबून बघितली. "एवढंच असतं होय? मला वाटायचं, याला पुरुषाची ताकद लागते."

"मग बस. शीक," बाबा म्हणाले.

त्यांना वाटलं, ती हसून आत जाईल. तिने पदर खोचला. केळींच्या मधल्या वाटेवर आई गाडीवर आणि बाबा बाजूने धावताहेत, असं कितीतरी दिवस चाललं. गाडी बंद पडायची आणि ती मुलीसारखी हसायची. पुढे तिने रीतसर लायसन्सही काढलं. बाबांचा हात आणखी जड झाला तेव्हा त्यांनी चावी तिच्याकडे दिली.

आता बाबा नाहीत, आईही गाडी चालवत नाही. मला मात्र ती दोघं पहिल्यांदा तशी बाहेर पडली ती सकाळ अजून दिसते. मासळी आणायला पाचूबंदरला निघाली होती. मी फाटकात उभी होते.

"मी कुठे धरू?" मागे बसत बाबांनी विचारलं.

"खांदा धरा. आणि गिअर कधी टाकायचा ते मला सांगू नका."

गाडी गल्लीतून पुढे गेली. वळणापर्यंत मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. "आता दुसरा टाक. अगं, टाक आता."