बारदान वजा

गुंडाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. अडतीस वर्षं त्यानं सोलापुरात एका अडत्याच्या गाळ्यावर कांद्याच्या पिशव्या वाहिल्या. आता तो घरी होता, तरी साडेतीनलाच उठायचा आणि सगळ्यांना उठवायचा. स्वतःला काम नसलं की माणूस दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवतो. गुंडानं नजर ठेवली नातीच्या वजनावर.

सून पूनमला दोन्ही लेकरं दवाखान्याच्या उपचारानं झाली. दोन्ही गर्भ एकाच दिवशी तयार केलेले. एक लगेच पोटात सोडला, तो बिरुदेव. दुसरा तीन वर्षं गोठवून ठेवला, ती सृष्टी. बिरुदेव जन्मला सव्वादोन किलोचा, सृष्टी सव्वातीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोठवलेल्या गर्भाची बाळं जन्मताना बरेचदा थोडी जड असतात. पुढं दोघांची वाढ सारखी होते. काळजी नको."

"बाईंनी किती पिशव्या उचलल्या?" गुंडा म्हणाला. कोल्ड स्टोरेजचा माल बाहेर काढला की सुकतो, हे त्याला पाठ होतं.

म्हणून दर सोमवारी तो नातीला दुपट्यात गुंडाळून जुन्या गाळ्यावर न्यायचा, काट्यावर ठेवायचा आणि घरी येऊन आकडा सांगायचा. सहाव्या महिन्यात आकडा आला सहा किलो नऊशे. त्या वयाला बिरुदेव लसीच्या कार्डावर सात तीनशे होता.

"बर्फातलं लेकरू, टिकंल व्हय?" पूनमची सासू बाळाबाई म्हणाली. पावडरच्या दुधाचा डबा तिनं आणूनच ठेवला होता. "फुडच्या सोमवारी सातच्या वर न्हाय गेली, तर तुजं अंगावरचं बंद. दूध न्हवं, पानी हाय ते."

पूनम आठवडाभर नीट जेवली नाही. सोमवारी ती स्वतः गाळ्यावर गेली. गुंडानं सृष्टीला काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, सात नऊशे.

"सा नऊशे. हाय तितंच हाय," गुंडा म्हणाला.

"मामा, एक किलो कुटं गेलं?"

"बारदान वजा की. पिशवीमागं एक किलो. हितला नेम हाय."

"पिशवी कुटं हाय हितं?"

गुंडानं दुपट्याकडं बोट केलं. पूनमनं पोरीला कडेवर घेतलं आणि नुसतं दुपटं काट्यावर टाकलं. तीनशे ग्रॅम. गाळ्यावरचे हमाल हातातलं काम सोडून बघत होते.

"सा महिने माज्या पोरीचं वजन कापलासा, मामा. आन् शिव्या खाल्ल्या मी."

"गुंडाभाऊ, हमाली किती लावली नातीची?" एकानं विचारलं. बाकीचे हसले. गुंडा हसला नाही. गाळ्यावर अडत्यासाठी शेतकऱ्याचं वजन कापताना त्याला कुणी कधी असं विचारलं नव्हतं.

घरी बाळाबाई म्हणाली, "मी कुटं काय म्हनले?" पुढं पंधरा दिवस घरानं डब्यातल्या पावडरचा चहा प्यायला.

गुंडाच्या हमालीच्या फंडातलं बरंचसं बाळाबाईच्या गुडघ्यांवर गेलं होतं. उरल्यातून त्यानं त्याच आठवड्यात सात रस्ता चौकातल्या दुकानातून तान्ह्या बाळांचा काटा आणला. पूनमनं सृष्टीला उघडी करून त्यावर ठेवली. सात सहाशे पन्नास.

"वजा किती, मामा?"

"काय न्हाय," गुंडा म्हणाला आणि आकडा बिरुदेवच्या पाटीवर होता तसा लिहिला.