आंबा घाटावरचा काळ्या खुरांचा एडका

गेल्या मार्गशीर्षात मी आंबा घाट चढलो तो देखावे पाहायला नव्हे, एडका आणायला. आरे-वाऱ्याच्या कातळाच्या सड्यावर माझ्या नऊ मेंढ्या आहेत. त्यांच्या लेंडीखतावर माझी कलमं वाढतात. घरचाच म्हातारा एडका वर्षानुवर्षं ठेवला, ही माझी चूक. कोकरं दुबळी निपजू लागली, पावसाळ्यात खुरं कुजून बसू लागली. "यंदा तसंच झालं तर मेंढ्या विकायच्या," असं हिनं बजावलं. मी पडलो शाळामास्तर, मेंढ्या गेल्या तर सकाळी कविता ऐकवायच्या कुणाला? निघालो.

रत्नागिरीहून पहाटेची सर्व्हिस मोटर धरावी. साखरप्याला मोटर पाणी पिते, आपण चहा प्यावा. घोंगडी हवीच, वरची थंडी किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक नसते. घाटात वळणागणिक शाळेतली एकेक कविता आठवत गेली, आणि खालचं धुकं पाहून वाटलं, आपण अजून तिसरीच्या बाकावरच बसलोय. मुक्काम आंब्याला, देवळाच्या पडवीत. जेवण सोबतची सुकट आणि गावातली गरम नाचणीची भाकरी.

सकाळी माळावर धनगरांचा तळ गाठला. कळपाची मालकीण एक म्हातारी, सगळे तिला आजी म्हणत. मी एका नजरेत एडका निवडला: दुहेरी वळणाची शिंगं, मान राजासारखी!

"ह्योच," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमच्याकडं पाऊस लई न्हवं?"

"चार महिने."

तिनं त्याचा पाय उचलून दाखवला. खूर पांढरट, नख दाबलं तर रुतलं. "मग पावसात शिंगं चालत्यात का खुरं?"

भोवतालचे हसले. मीही हसलो. मग शिंगांना पाठ करून मी फक्त पायच पाहत फिरलो. एक बिनशिंगांचा, बोडका एडका सापडला, दोनदाती, म्हणजे वर्षा-दीड वर्षाचा. खुरं काळी, दगडासारखी. छाती रुंद, चाल सरळ.

"याची आई दाखवा," मी म्हणालो.

"आत्ता बरोबर इचारलंसा!" आजीनं आई दाखवली. भरल्या कासेची, अंगापिंडानं मजबूत. सौदा ठरला. आजीनं एडक्याच्या पाठीवरची चिमूटभर लोकर कापून तळाच्या खांबाला बांधली. "पयल्या कोकराची लोकर धाडा. ही तिच्याशी बांधंन. तवर ह्यो आमचाच."

परतीला मोटरीत एडक्याचंही अर्धं तिकीट पडलं. मी त्याला कविता म्हणून दाखवत होतो. शेजारचा पालीचा शेतकरी म्हणाला, "काय वो मास्तर, याला शालंत घालणार हाव काय?"

"पास होऊनच आलाय," मी म्हणालो.

वैशाखात सात कोकरं झाली. आख्खा पावसाळा गेला, खुरं कुजून एकही बसलं नाही. परवा ही थोरल्या कोकराला चारा घालताना म्हणाली, "गोठ्यात आणखी दोन मावतील हो."

त्याच कोकराची लोकर मी कागदात गुंडाळली, मोटरवाल्याकडून आजीला पाठवायला. आत चार ओळींची एक कविताही घातली होती. मग काढून घेतली. आजीला अक्षर वाचता येत नाही; लोकर वाचता येते.