पाहुण्यांपुरता वेग

आमच्या संस्थेत महासंगणक आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि ऐन एप्रिलात स्वेटर घालावा लागेल इतकी गार हवा त्याच्या खोलीत सोडली. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. संस्था लहान होती, आता ती उरलेलीही नाही. पण त्या यंत्रामुळे आमचे संचालक मोठ्या माणसांत बसू लागले होते, आणि ते आम्हाला रोज ऐकावं लागे.

माझं काम भूजलाचं. वाघोलीपासून मांजरी, लोणी काळभोरपर्यंतच्या जमिनीचे कागदावर चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाखाली पाणी किती, विहिरी उपसतात किती, पाऊस मुरतो किती हे मांडायचं आणि पुढच्या काही दशकांत पाणी कुठवर खाली जाईल ते काढायचं. शेतं मोडून इमारती होणार हे तेव्हाच दिसत होतं. त्या उठण्याआधी कुणीतरी हे आकड्यात सांगावं, एवढीच माझी धडपड होती.

यंत्राचा वेग मोजायची एक ठरलेली चाचणी असे. समीकरणांचा भला मोठा ढीग सोडवायचा आणि सेकंदाला किती आकडेमोडी झाल्या ते बघायचं. त्या चाचणीत आमचं यंत्र घरगुती संगणकाच्या कितीतरी पट धावे. माझ्या कामात मात्र रखडे. त्याच्या पोटात पुष्कळ प्रोसेसर होते, पण माझ्या प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाचं उत्तर कळल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. पंगतीसाठी पन्नास बायका पोळ्या लाटायला बसवल्या आणि तवा एकच ठेवला, तर लाटणी थांबणारच. ठरलेल्या चाचणीत तव्याचं काम फारसं नव्हतंच.

तेही चाललं असतं. पण आमच्याकडे पाहुणे येत. पाहुणे आले की यंत्रावर चालू असलेली सगळी कामं बंद पाडायची आणि त्यांच्यासमोर चाचणी चालवून पडद्यावर वेगाचा आकडा दाखवायचा. ते टाळ्या वाजवत, बाकरवडी खात आणि जात. माझं काम पुन्हा रांगेच्या शेवटी, तेही पहिल्यापासून. अर्धवट उत्तरं साठवायला डिस्कवर जागा मागितली, तर ती पाहुण्यांना दाखवायच्या रंगीत चित्रांसाठी राखलेली होती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

शेवटी चिडून मी मांजरीपुरता तुकडा घरच्या संगणकावर लावला. नवऱ्याने तो पत्रव्यवहारासाठी घेतला होता आणि सासूबाईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. ते काढलं, बटणाला कुणी हात लावायचा नाही असं घरात बजावलं. वीज गेली तर जिथवर साठवलं असेल तिथून पुन्हा सुरू करायचं. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम संक्रांतीच्या आत पुरं झालं. तोच तुकडा मी त्याच दिवशी महासंगणकाच्या रांगेतही लावला होता. पाहुण्यांच्या गर्दीत तो अजून अर्धाही झाला नव्हता.

आढावा बैठकीत मी ही तुलना मांडली. म्हटलं, सेकंदाला किती आकडेमोडी हे मोजा, पण काम दिल्यापासून उत्तर हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, तेही मोजा. त्या मापाने माझ्या घरचा संगणक पुढे आहे. पाहुण्यांसाठी कामं बंद पाडणं थांबवलं तर आपलं यंत्र त्याला सहज मागे टाकेल आणि सगळा भाग एकत्र सोडवेल. घरच्या संगणकात तो मावतसुद्धा नाही.

संचालकांनी चष्मा पुसला. "अहो, अभिनंदन. आपलं भागतंय की घरच्या घरी."

"एका तुकड्याचं भागलं, सर."

"मग तुकड्यातुकड्याने करा. महासंगणकाला कशाला कष्ट?"

सगळे हसले. चौकोनाला शेजारी लागतो, तुकडे सुटे सोडवून जोडता येत नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तरी हसले. पुढच्या आठवड्यात रांगेतून माझं काम काढलं आणि मला प्रशिक्षण विभागात पाठवलं, कारकुनांना संगणक शिकवायला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास, असं मैत्रीण म्हणाली. मला ते कधीच पटलं नाही. धोंडा त्यांचा होता. मी फक्त माझा पाय कुठे आहे ते दाखवलं. राग तेव्हा आला होता आणि अजून येतो.

गेल्या वर्षी वाघोलीच्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले, तर दारातच ते यंत्र उभं. आतलं सगळं काढलेलं, नुसतं कपाट, आणि वर पितळी पाटी. पाटीवर वेगाचा तोच आकडा. सोबतचे प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, "आता आपल्या खिशातला मोबाइलही याच्यापेक्षा जोरात पळतो, मॅडम."

"यावर सोडवलं काय होतं?" मी विचारलं.

ते पाटीकडे वळले. दोनदा वाचली. "हा वेग यावरच काढलाय."

"आणि बाकी?"

"बाकीची कल्पना नाही. पाहुणे खूप येत म्हणे."

मी पाणी मागितलं. त्यांनी स्वतः ग्लास आणून दिला. "घ्या निर्धास्त, गाळलेलं आहे," ते म्हणाले. "टँकरचंच आहे, पण काय करणार, इथल्या बोअरना आता पाणीच लागत नाही."