लिफ्टवाल्यांनी कॉम्प्युटर हलका केला

गल्लीत त्यांना सगळे टायपिस्टबाई म्हणायचे. बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुक केलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "अगबाई, तुम्ही एकट्या भाजी चिरता?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "नाही हो, भाजीच मला चिरते."

काम त्यांचं असं की कोर्टातल्या साक्षींचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे यायचं आणि त्या ते ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करून द्यायच्या. पडद्यावर काय आलंय ते त्यांना कॉम्प्युटरच सांगायचा. त्यासाठी एक बोलणारा प्रोग्राम असतो. कुठलंही बटण दाबा, तो तोंडाने वाचून दाखवतो. फक्त बाईंनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की तिऱ्हाइताला ते बोलणं वाटायचंच नाही. नुसती किरकिर. बाईंना मात्र त्यातलं अक्षर न्‌ अक्षर कळायचं. सावकाश बोलणाऱ्यांचा त्यांना फार कंटाळा.

आणि उतारवयात लग्न केलं ते नेमकं सावकाश बोलणाऱ्या माणसाशी! त्याला काय करणार?

लिफ्टवाले विधुर होते. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. एकदा कोर्टाच्या इमारतीत बाई लिफ्टमध्ये अडकल्या, तेव्हा दाराबाहेरून या गृहस्थांनी 'घाबरू नका' असं एकदाही म्हटलं नाही. काय बिघडलंय, आता ते कुठला स्क्रू काढताहेत, एवढंच ते शांतपणे सांगत राहिले. बाईंना माणूस तिथेच आवडला.

लग्नानंतर बाईंचा कॉम्प्युटर लिफ्टवाल्यांच्या घरातल्या छोट्या खोलीत आला. पण पलीकडच्या गल्लीतली स्वतःची भाड्याची खोली बाईंनी सोडली नाही. "राहू दे थोडे दिवस," म्हणाल्या. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष होत आलं. लोक कुजबुजायचे, लिफ्टवाले काही बोलायचे नाहीत. बाईंचं कारण साधं होतं. ती खोली घेण्यापूर्वी त्या भावाकडे राहायच्या, आणि वहिनी मायेची. इतकी मायेची, की सकाळी इथे ठेवलेला कंगवा संध्याकाळी तिथे जायचा, कारण 'तिथे तुम्हाला सोपा पडेल'. भांडायची सोय नाही. मायेशी कोण भांडणार? स्वतःच्या कंगव्यासाठी हाक मारायची वेळ आली तशा बाई तिथून निघाल्या. परत तसल्या घरात अडकायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. म्हणून ती खोली.

लिफ्टवाल्यांचे हात म्हणजे तर सतत शिवशिवणारे. निवृत्त झाल्यावर बिघाड शोधायला घर तेवढं उरलं होतं. पुढचं दार करकरायचं, त्यावरून कोण आलं ते बाईंना कळायचं. यांनी त्यात तेल घातलं. बाईंनी सांगितल्यावर बिचारे ओशाळले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. भीक नको पण कुत्रा आवर, असं बाईंना कितीदा वाटलं. पण माणूस इतका भला की तोंडावर म्हणवेना.

मग त्या सकाळी त्या खोलीच्या घरमालकीण आजींचा निरोप आला. नवी भाडेकरीण दारात उभी आहे, खोली ठेवतेस की सोडतेस, आज काय ते सांग. बाई जाऊन आजींना भेटल्या. दुपारी फोन करते म्हणाल्या. परत येताना त्यांचं मन जवळजवळ ठरलं होतं. दोन दगडांवर पाय किती दिवस ठेवणार? नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे. डबे काय, परत लावता येतात. आज खोली सोडते म्हणून सांगून टाकू.

घरी येऊन त्या कामाला बसल्या. एका साक्षीचं टायपिंग दुपारी पाठवायचं होतं. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि वाट पाहिली. आवाज नाही. बोलणारा प्रोग्राम हाताने चालू करायची बटणं असतात, तीही दाबली. शुकशुकाट. स्पीकरची वायर चाचपली, ती जागेवर होती.

"अहो," त्यांनी हाक मारली, "कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता?"

लिफ्टवाले अगदी खुशीत आले. "कसा पळतोय? कालपासून अडखळतोय म्हणत होतीस ना? कॉम्प्युटरच्या दुकानातून सफाईचं सॉफ्टवेअर आणलं. मेमरी मोकळी करतं, वेग वाढवतं. तू आजींकडे होतीस तेवढ्यात बसवून टाकलं."

"काय काय दाबलंत? क्रमाने सांगा."

"आधी 'तपासा' दाबलं. मेमरीचा पट्टा लालभडक झाला होता गं. खाली यादी आली, कुठला प्रोग्राम किती जड. सगळ्यात वर होता त्याच्यापुढे 'झोपवा' असं बटण होतं. म्हटलं, घोडं इथंच पेंड खातंय! झोपवला त्याला."

"त्याचं नाव काय होतं?"

कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर सफाईचं सॉफ्टवेअर आपोआप उघडलं होतं. लिफ्टवाल्यांनी पडद्याजवळ वाकून त्यातली इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. तो बोलणारा प्रोग्रामच होता.

बाईंनी की-बोर्डवरून हात उचलले. तेव्हा कुठे लिफ्टवाल्यांना काहीतरी चुकल्याची शंका आली.

"अगं, तो बोलणारा सारखा किरकिरायचा ना," ते सांगायला लागले. "लिफ्ट अशी थरथरायला लागली की समजायचं, माणसं जास्त झाली. चार जणांना उतरवलं की शांत चालते. मला वाटलं, हा दुसराच कुणी; मेमरीवरचा याचा बोजा उतरला की तोही शांतपणे, नीट बोलेल. तुझ्या कानांना किती त्रास होत असेल त्या किरकिरीचा!"

"तो नीटच बोलत होता. तो वेग मीच ठेवलाय."

"तूच?"

"मला कळतं ते. प्रत्येक शब्द."

"म्हणजे वर्षभर मला वाटत होतं की ते यंत्र आजारी आहे, आणि..."

"मग एकदा विचारायचं नाही?"

लिफ्टवाले गडबडले. "विचारायचं सुचलंच नाही गं," म्हणाले. ते खरंच होतं, आणि बाईंना लागलं ते तेच.

"वहिनीने कंगवा हलवला, तुम्ही डबे हलवले, ते मी सोसलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आज तुम्ही मला माझ्या कामातून उठवून बाहेर ठेवलंत. तेही मायेने! मला तुमची भीती वाटते. दुष्ट माणसाची वाटणार नाही एवढी वाटते. त्याच्याशी भांडता तरी येतं."

खाली कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती काही चालू होत नव्हती. एरवी लिफ्टवाले खिडकीशी धावले असते, पण आज जागचे हलले नाहीत.

"आता काय करू ते तूच सांग," ते शेवटी म्हणाले.

"खुर्ची घ्या. पडद्यावर जे दिसतंय ते वाचा. मी सांगितल्याशिवाय काही दाबायचं नाही."

"वर हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'तुमचा कॉम्प्युटर आता हलका झाला आहे.'"

"झालाय खरा," बाई म्हणाल्या. "पुढे वाचा."

लिफ्टवाले वाचत गेले. मध्येच त्यांचा हात पुढे धावायचा. बाईंना माउस सरकल्याचं ऐकू यायचं. "दाबू नका" म्हटलं की हात मागे. असं करत करत 'झोपवलेले प्रोग्राम' अशी ओळ सापडली, त्यात ते नाव, आणि नावापुढे 'जागा करा'.

"दाबू?"

"दाबा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग ती किरकिर सुरू झाली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

पण त्या रागात असल्या तरी कामाच्या बाबतीत व्यवहारी. कॉम्प्युटर अडखळत होता हे खोटं नव्हतंच. "ती जडपणाची यादी परत उघडा," त्या म्हणाल्या. "एकेक नाव वाचा. कुणाला झोपवायचं ते मी सांगते." घरात नसलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम निघाला, कधीच न खेळलेला पत्त्यांचा डाव निघाला, पडद्यावरची चित्रं रोज बदलणारा एक निघाला. "चित्रं?" बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी?" आणि दोघांनाही हसू फुटलं. ती सगळी मंडळी झोपली, लाल पट्टा हिरवा झाला, आणि किरकिर पहिल्यासारखी सलग धावायला लागली.

बाईंनी आजींना लावायला फोन हातात घेतला. लिफ्टवाले दारापर्यंत जाऊन थांबले.

"खोली सोडू नकोस," ते म्हणाले. "हात लावायच्या आधी विचारायचं, हे मला आज कळलं. उद्या लक्षात राहीलच असं नाही. या हातांची मलाच खात्री नाही. तुला जायला एक जागा असू दे."

बाईंनी नंबर लावला. "आजी, मी बोलतेय. खोली राहू द्या. हो, घरी सगळं बरं आहे. बरं आहे म्हणूनच ठेवतेय." आजींना काही कळलं नसावं, पण त्या बरं म्हणाल्या.

लिफ्टवाले स्वयंपाकघरात गेले. बाई कानाला हेडफोन लावून साक्ष टाइप करायला लागल्या. अर्धीअधिक झाली आणि एका जागी अडली. साक्षीदार म्हातारा, तोंडातल्या तोंडात बोलणारा. बाईंनी तो शब्द पुन्हा लावला, हळू करून लावला, काही केल्या उलगडेना. आजवर असं झालं की त्या ती जागा रिकामी सोडायच्या आणि तशी खूण करून पाठवायच्या. या घरात कशासाठीही त्यांनी कधी मदतीला हाक मारली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक शब्द लागत नाहीये. जरा ऐकता का?"

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं घाईघाईने आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"आत येऊ का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"या," बाई म्हणाल्या, आणि हेडफोन काढून त्यांच्या दिशेने धरला.